खो-खोचा जन्म महाभारतात झाला नाही. तो जिमखान्याच्या मैदानावर झाला

हा धागा लांब आहे आणि काहीसा भांडखोरही आहे. तेव्हा सवडीने वाचावा.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या दोन मराठी कर्णधारांच्या संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला नमवले आणि दोन्ही अजिंक्यपदे भारताकडे आणली. त्या आठवड्यात अभिनंदनाच्या संदेशांबरोबर एक जुनाच मजकूर नव्या रंगीत चित्रांसह फिरू लागला. खो-खो महाभारतकालीन आहे, तो चक्रव्यूहातून निघाला, पूर्वी तो रथांवर बसून खेळत आणि त्यास 'रथेरा' म्हणत; कबड्डी तर साक्षात अभिमन्यूची झुंज. आमच्या विंचूरपासून थेट अमेरिकेतील मराठी मंडळांपर्यंत तो मजकूर पोहोचला आणि कोणीही विचारले नाही की बाबा रे, पर्व कोणते, अध्याय कोणता?

हा मजकूर निरुपद्रवी आहे, अभिमानाची गोष्ट आहे, कशाला मोडता घालता, असे पुष्कळांचे म्हणणे असते. मला तो निरुपद्रवी वाटत नाही. त्यात एक चोरी आहे. ज्यांनी हा खेळ प्रत्यक्ष घडवला त्यांचे श्रेय त्यात जाते, आणि घडवताना ज्यांना बाहेर ठेवले गेले त्यांची तक्रारही जाते. हे कसे, ते समजण्यासाठी आधी एका परक्या खेळाकडे जाऊन यावे लागेल. तेथे हाच प्रकार पूर्वी घडलेला आहे आणि त्याचे कागद शिल्लक आहेत.

इंग्लंडात रग्बी नावाच्या गावी रग्बी नावाची शाळा आहे. १८२३ साली विल्यम वेब एलिस नावाच्या विद्यार्थ्याने फुटबॉल खेळता खेळता नियम धाब्यावर बसवून चेंडू हातात घेतला आणि तो पळत सुटला. त्यातून रग्बी जन्मला, अशी कथा आहे. शाळेत तसा शिलालेख आहे. १९८७ पासून भरणाऱ्या रग्बी विश्वचषकाच्या करंडकाला एलिसचेच नाव आहे. कथा छान आहे. अडचण एवढीच की एलिस १८७२ मध्ये वारला आणि ही कथा पहिल्यांदा छापून आली ती १८७६ मध्ये, मॅथ्यू ब्लॉक्सम या माजी विद्यार्थ्याने शाळेच्या मासिकात लिहिली तेव्हा. तीही ऐकीव. पुढे १८९५ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाने चौकशी समिती बसवली. एलिसला तसे पळताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एकही साक्षीदार तिला मिळाला नाही. तरी १९०० मध्ये शिलालेख बसलाच!

आता ज्यांचा शिलालेख फारसा कोणाला ठाऊक नसतो त्यांच्याकडे वळू. १८४५ च्या ऑगस्टमध्ये त्याच शाळेतील तीन मोठ्या विद्यार्थ्यांनी बसून खेळाचे ३७ नियम लिहून काढले. तोवर नियम तोंडी होते आणि दर हंगामात बदलत. या तिघांपैकी एक विल्यम डेलाफील्ड अर्नोल्ड, शाळेच्या प्रसिद्ध मुख्याध्यापकांचा मुलगा. हा गृहस्थ पुढे हिंदुस्थानात आला, कंपनीच्या फौजेत राहिला आणि पंजाबच्या शिक्षणखात्याचा पहिला संचालक झाला. रग्बीच्या जन्मदात्यांपैकी निदान एकाने तरी आपल्या देशाची धूळ खाल्ली आहे. पण कथेला नियम लिहिणारी पोरे नको असतात, तिला नियम मोडणारा वीर हवा असतो. कागदावर वाकून बसलेल्या मुलाचे चित्र काढणार कोण?

आणि १८९५ हेच साल का? त्याच वर्षी २९ ऑगस्ट रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधील क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि रग्बीच्या मूळ संघटनेतून बाहेर पडले. कारण पैशाचे होते. उत्तरेकडील खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत राबणारे. शनिवारी सामना खेळायचा म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडायचा. बुडालेल्या रोजाची भरपाई क्लबने द्यावी, एवढेच मागणे होते. लंडनमधील सुखवस्तू पुढाऱ्यांनी ते नाकारले. खेळ हौशीच राहिला पाहिजे, पैसा शिवला की तो बाटतो, असा त्यांचा सिद्धांत. ज्याला पोटाची चिंता नाही त्याला हौस परवडते, हे त्या सिद्धांतात लिहिलेले नव्हते. म्हणजे इकडे कामगार खेळावर हक्क सांगत होते आणि तिकडे त्याच सुमारास, खेळ आमच्या शाळेतील एका मुलाने निर्माण केला, हे ठरवायला समिती बसत होती. तारखांचा हा मेळ इतिहासकारांच्या नजरेतून सुटलेला नाही.

हा रग्बी आपल्याकडेही आला होता. १८७२ च्या नाताळात कोलकात्यात सामना झाला, पाठोपाठ क्लब निघाला आणि पाच-सहा वर्षांत मोडलाही. शिल्लक राहिलेले २७० चांदीचे रुपये वितळवून सभासदांनी एक चषक घडवला, त्याला नागाच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता चषकासाठी खेळतात. मुंबईत १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना निघाला आणि तेथे रग्बी खेळला जाऊ लागला. पण सभासदत्वाचे दार इंग्रजी अमदानी संपेपर्यंत एतद्देशीयांना बंद. त्याच मैदानावर डिसेंबर १९३३ मध्ये हिंदुस्थानातील पहिला कसोटी सामना झाला, हा विरोधाभास वेगळाच. क्रिकेट गल्लीबोळांत उतरले, कारण पारशांनी, मग हिंदूंनी आणि मुसलमानांनी स्वतःचे जिमखाने उभे केले. रग्बीसाठी कोणी ते केले नाही. कोलकात्याचा क्लब जाताना चषक ठेवून गेला, खेळ ठेवून गेला नाही.

इथून पुण्यात येऊ.

विंचूरच्या माणसाला पुणे परके नाही. विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या घराण्याचा वाडा तेथे सदाशिव पेठेत. गायकवाड वाड्यात राहायला जाण्यापूर्वी टिळक याच विंचूरकर वाड्यात राहत, कायद्याचा वर्ग चालवत. हे मी गावाचा मोठेपणा मिरवण्यासाठी सांगत नाही (थोडासा सांगतोही). पुढच्या गोष्टीत टिळकांचा संबंध आहे आणि त्यांच्या देहाचाही. डेक्कन कॉलेजात शिकताना प्रकृती कमावण्यासाठी पहिले वर्ष त्यांनी व्यायामाला वाहिले होते, हे शाळेत आपण सर्वांनी वाचलेले आहे.

पुण्यात विद्यापीठ झाले १९४९ मध्ये, पण विद्येचे गाव म्हणून त्याची ओळख त्याच्या किती तरी आधीची. १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज. जेथे कॉलेजे तेथे रिकामी संध्याकाळ असलेली तरुण मुले, आणि जेथे ती मुले तेथे क्लब. ऑक्सफर्ड असो की पुणे, हे सारखेच. १९०६ मध्ये बाळकृष्ण नारायण भाजेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेक्कन जिमखाना स्थापन केला. संस्थापकांच्या मेळाव्यात टिळकांचेही नाव घेतले जाते. साल ध्यानात घ्या. आदल्याच वर्षी वंगभंग झाला होता, स्वदेशीची चळवळ ऐन भरात होती. गोऱ्यांच्या क्लबात आपल्याला जागा नाही, तर आपला क्लब काढू, आणि त्यात केवळ त्यांचेच खेळ का खेळायचे?

१९१४ मध्ये डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम तयार केले. माझ्या मते मराठी क्रीडेतिहासातील ही सर्वांत मोठ्या घटनांपैकी एक आहे, आणि तिचे चित्र काढून कोणी पाठवत नाही. त्या पहिल्या नियमांत काय नव्हते ते पाहण्यासारखे आहे. मैदानाची मापे ठरलेली नव्हती. मध्यपाटीच्या टोकांचे दोन खांब नव्हते. वेळेचे बंधन नव्हते. काही काळ मैदान लंबवर्तुळाकार होते. आजचे काटकोन चौकोनी मैदान त्यानंतरचे. हजारो वर्षांपूर्वी परिपूर्ण झालेला खेळ १९१४ मध्ये असा अर्धाकच्चा कसा होता, याचे उत्तर 'रथेरा'वाल्यांनी द्यावे.

ज्यांनी तो खेळला आहे त्यांना कळेल की हे खांब आणि पाटी म्हणजे बारीकसारीक तपशील नव्हेत. आठ गडी मध्यपाटीवरच्या चौकांत एकाआड एक उलट्या दिशांना तोंडे करून बसतात, नववा पाठलाग करतो. पळणाऱ्याला मैदानभर मोकळीक. पाठलाग करणाऱ्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत जाईतो उलट फिरता येत नाही. त्याने बसलेल्या सोबत्याला मागून खो द्यायचा आणि धाव त्याच्या हवाली करायची. या बंधनांतूनच साखळी, हुलकावणी, खांबावरची झेप जन्मते. बंधने काढा, की उरते ती शिवाशिवी. म्हणून खो-खो कधी जन्मला या प्रश्नाचा अर्थच असा होतो की ही बंधने कोणी, कधी घातली. पाठलाग माणूस माकड असल्यापासून करत आला आहे. त्याला खेळ म्हणायचे तर चेंडू उचलून पळणाऱ्या प्रत्येक पोराला रग्बीचा जनक म्हणावे लागेल.

पुणे एकटे नव्हते. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२० च्या दशकात हुतूतूच्या स्पर्धा भरवल्या आणि नियमांना वळण दिले. त्याच खेळाला दक्षिणेत चेडुगुडू आणि बंगालमध्ये हाडुडू म्हणत, आणि प्रत्येक ठिकाणची रीत निराळी. बाद झालेला गडी परत मैदानात येणार की नाही, एवढ्यावरून प्रकार वेगळे पडत. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. बडोद्यातच मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे खंड काढले. ही सगळी माणसे शिक्षक, वकील, विद्यार्थी, संस्थानी नोकर. दिवसा पोटाचे काम करून संध्याकाळी फक्कीने रेषा आखणारी. त्यांचे भांडण-तंटे, सभा, दुरुस्त्या यांतून खेळ घडला.

येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो, त्याला बगल देणार नाही. आपल्या संतवाङ्मयात हुतूतू, हमामा, फुगडी, विटीदांडू यांवरची रूपके आहेत. मग खेळ जुने नाहीत असे कसे म्हणता? मी तसे म्हणतच नाही. सतराव्या शतकातील देहूच्या मुलांना हुतूतू ठाऊक होता, यात मला शंका नाही, आणि संतांच्या शब्दांत त्याचा पुरावा आहे. पाहा, येथे पुरावा आहे! ग्रंथ आहे, कवी आहे, काळ आहे. तो पुरावा आपण वापरत नाही, कारण साडेतीनशे-चारशे वर्षे आपल्याला थोडी वाटतात, पाच हजार हवी असतात. खरा वारसा हाताशी असताना खोटा उसना आणण्याची ही सवय कशातून येते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दुसरा आक्षेप अधिक तिखट असतो: नियम, वेळ, गुण, शिट्टी हा सगळा साहेबी साचा, त्याला जन्म म्हणणे ही गुलामी मनोवृत्ती. याचे उत्तर १९०६ च्या माणसांनीच दिलेले आहे. त्यांनी साचा डोळे उघडे ठेवून घेतला, जसा छापखाना घेतला, वृत्तपत्र घेतले, सभा घेतली. 'केसरी' छापणारे यंत्र परदेशी होते म्हणून 'केसरी' परदेशी ठरत नाही. लंडनच्या एका उपाहारगृहात रग्बीचे नियम करायला १८७१ मध्ये माणसे जमली, तसा आपल्या मातीतल्या खेळाचा नियम आपण करू, त्यासाठी कोणाची परवानगी लागणार नाही, हा त्या काळी स्वातंत्र्याचाच एक पाठ होता. ज्या माणसांनी तो गिरवला त्यांना 'साहेबाचे नकलाकार' आणि ज्यांनी चित्र पाठवले ते 'अभिमानी', हा न्याय मला कळत नाही.

आता चोरीचा दुसरा भाग. पुराणकथेत कोणाचा दोष नसतो, कारण तिच्यात सभासदांची यादी नसते. क्लबाला ती असते. म्हणून क्लबाच्या इतिहासाला अवघड प्रश्न विचारता येतात.

पुण्यातच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाळू पळवणकर नावाचा एक तरुण गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर राबत होता. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची, साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. फलंदाजी मात्र मिळायची नाही. त्याची डावखुरी गोलंदाजी इतकी भेदक की पुण्याच्या हिंदू संघाला तो हवासा झाला. पण तो चर्मकार समाजाचा. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सगळे हाताळत, आणि चहाच्या वेळी त्याचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाला तोही झगडून. हडर्सफील्डच्या खाणकामगाराला 'हौशी' या शब्दाने बाहेर ठेवले होते. पुण्यात त्या शब्दाचीही गरज पडली नाही, जातीने काम भागत होते.

पण त्याच पुण्याचे दुसरे चित्रही खरे आहे. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळ्यात लांब पल्ल्याच्या शर्यती झाल्या. तेव्हा जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा होते. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांची मुले, अनवाणी, कोणी शिकवलेले नाही, आणि त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळ जाणाऱ्या. ते पाहून दोराबजींच्या मनात ऑलिंपिकचा विचार आला. १९२० मध्ये अँटवर्पला सहा खेळाडू गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी हे धावपटू आणि नवले व शिंदे हे पैलवान होते. चौगुले ४२ किलोमीटर ७५० मीटरांची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत धावून एकोणिसावे आले. ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. तरीही आपल्या ऑलिंपिक-कथेत दोराबजींचे नाव पहिल्या ओळीत येते आणि चौगुल्यांचे आलेच तर तळटीपेत. दोराबजींचे मोल मी कमी करत नाही, त्यांनी पदरचे पैसे घातले. पण ज्या पायांनी तो विचार सुचवला ते पाय कोणाचे होते?

हौशीपणाचा भुर्दंड त्यानंतरही चुकला नाही. १९५२ मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांना त्यांच्यासाठी आपले घर सात हजारांना गहाण टाकावे लागले. त्या प्रवासातून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले.

हे सगळे आपल्याला कळते ते का? कारण कोणी तरी शर्यतीच्या वेळा लिहून ठेवल्या, पत्रे जपली, सभांची टिपणे केली. ज्या तालमींनी आणि मंडळांनी ती केली नाहीत, किंवा करून रद्दीत घातली, त्यांचे फडेप्पा कोण होते हे कधीच कळणार नाही. निफाड-येवल्याच्या पट्ट्यात कुस्तीचे आखाडे आणि खो-खो, कबड्डीची मंडळे थोडी नाहीत. त्यांच्या कपाटांत असतील त्या इतिवृत्तांच्या वह्या, पावतीपुस्तके, संघांची छायाचित्रे, मागे नावे लिहिलेली असोत वा नसोत. एखादा रविवार काढून त्यांची मोबाइलवर छायाचित्रे घ्या, आणि छायाचित्रातील जुन्या खेळाडूंपैकी जे हयात असतील त्यांच्याकडून नावे लिहून घ्या. हे काम चक्रव्यूहाच्या चित्रापेक्षा कंटाळवाणे आहे, मान्य.

राहता राहिले महाभारत. योगायोग असा की डेक्कन जिमखान्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आहे. जिमखान्याने खो-खोचे नियम केल्यावर पाचच वर्षांनी, १९१९ मध्ये, तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. सुखटणकरांसारख्या संपादकांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी १,२५९ हस्तलिखितांचा आधार घेत, श्लोकाशी श्लोक ताडून पाहत ते १९६६ मध्ये पूर्ण केले. कोणता श्लोक मूळचा, कोणता मागाहून घुसडलेला, हे ठरवण्यात त्या माणसांची आयुष्ये गेली. त्यांच्या कामाच्या सावलीत उभे राहून 'महाभारतात लिहिले आहे' असे संदर्भावाचून म्हणणे हा महाभारताचाच अनादर आहे. द्रोणपर्वात अभिमन्यू व्यूहात शिरतो ते मारायला आणि मरायला. तेथे कोणी पाटीवर बसत नाही, कोणी खो देत नाही.

ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी खाली अवश्य लिहावे. पर्व, अध्याय आणि श्लोकाचा क्रमांक द्यावा. पुढचा धागा बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यावर आहे.